हॉर्नच्या वायरीतली ओल

माझा धंदा गाड्यांच्या वायरिंगचा. हुडकेश्वरच्या रोडवर दुकान आहे, मंगळवारी बंद. बाकीचे सहा दिवस लोक आपापली भुतं घेऊन येतात. कोणाचा वायपर आपोआप फिरतो, कोणाच्या काचा उभ्या गाडीत खाली येतात. एका बाईंच्या गाडीचं लॉक तर म्हणे सासूबाई आत बसल्या की बरोबर लागायचं. मी सगळ्यांना एकच सांगतो, भूतबित काही नसते बाप्पा, कुठंतरी ओल आहे. तेल, रेडिएटरचं पाणी, एसीचं पाणी, काहीतरी गळतं आणि वायरीत शिरतं. वायरीच्या आत तांब्याच्या बारीक तारा असतात. त्यांच्यामधून ते वातीतल्या तेलासारखं सरकत जातं. गळतं या टोकाला आणि बिघाड दिसतो तिसरीकडेच. लोक बिघाडाशी भांडत बसतात, मी गळती शोधतो.

हे मी मोठ्या तोऱ्यात सांगायचो. आमच्याच घरच्या गाडीचा हॉर्न आपोआप वाजायला लागला तेव्हा तो तोरा कुठं गेला, ते सांगतो.

गाडी बाबांची. बाबा सगळी नोकरी खापरखेड्याच्या पॉवर हाऊसमध्ये होते, टर्बाइनवर. गळती शोधायची विद्या मला त्यांनीच दिली. लहानपणी क्वार्टरमधल्या नळाखाली बसवून शिकवलं होतं. "पुसायचं, सुकवायचं, खडूची पूड मारायची अन् गप बसायचं. गळती आपल्या पायानं येते." मी गप बसणारा माणूस नव्हे. ती एक गोष्ट सोडून बाकी सगळं शिकलो.

रिटायर झाल्यावर हुडकेश्वरला घर बांधलं. माझं लग्न जमलं नाही, खरं सांगायचं तर मी जमू दिलं नाही, म्हणून घरात तिघंच. फाटक लोखंडी, दोन पल्ल्यांचं, आणि पहिल्याच वर्षी खाली खचलं. उघडायचं तर एक पल्ला उचलून ओढावा लागतो. बाबांचे गुडघे गेलेले. रोज चारला ते गाडी घेऊन जुन्या सोबत्यांकडे जाऊन बसायचे आणि साडेपाचला परत. फाटकासमोर हॉर्न, दोन आखूड आणि एक लांब. मग घरातल्या कोणीतरी जाऊन फाटक उघडायचं. मी गेलो की अर्धंच उघडायचो, कंटाळा. मग खिडकीतून ओरडायचे, "पूर्ण उघड ना गा! तेवढ्यात गाडी येत नाही." रोज. अगदी रोज. आत येऊन सुंठीचा चहा घ्यायचे आणि त्याचा वास घरभर पसरायचा.

माघात एक दिवस सकाळी मी त्यांच्या गाडीचं बोनेट उघडलं तर आत नवाच हॉर्न. ट्रकला शोभेल असा. काचेच्या खाली, वायपरच्या जाळीखालच्या पत्र्यावर स्वतः रिले, म्हणजे हॉर्नला करंट जोडणारी डबी, बसवलेला, स्वतः वायरी ओढलेल्या. आणि जोड कसा, तर तारेला तार पिळून वर कापडी पट्टी आणि तिच्यावर दोरा गुंडाळलेला. माझं डोकंच फिरलं. शहरभरच्या लोकांच्या गाड्यांमधले असले जोड मी दिवसभर उपटून फेकतो आणि माझ्याच घरात हे!

"हे काय करून ठेवलं तुम्ही?" मी म्हटलं. "पॉवर हाऊस आहे का हे? याच्यात पाणी गेलं तं दिवसभर बोंबलत राहीन गाडी."

"पाणी जात नाही माझ्या जोडात," बाबा म्हणाले. "तू वेळेवर उघडायले येत नाहीस, कानात बोळे घालून बसतोस. म्हणून मोठा लावला."

"मंग आता फाटकही तुम्हीच उघडत जा."

एवढंच भांडण. याहून मोठी भांडणं आमची भाजीत मीठ कमी पडलं तरी व्हायची.

आई त्या दिवशी काटोलला बहिणीकडे हळदीकुंकवाला गेली होती. संध्याकाळच्या बसनं येणार होती. मी घरात कॉटवर पडून मोबाईल पाहत होतो. साडेपाचला हॉर्न वाजला, दोन आखूड, एक लांब. नवा हॉर्न, काचा थरथरल्या. मी उठलो नाही. पुन्हा वाजला. मी मनात म्हटलं, वाजवा, मोठा लावलाय ना, वाजवा. तिसऱ्यांदा वाजला तो ना आखूड ना लांब. तुटक तुटक, मग एकदम लांबलचक, मग बंद. मला वाटलं, चिडले. आता उतरतील, स्वतः उघडतील, आत येऊन बोलतील, मग मीही बोलीन. काय बोलायचं ते मी जुळवतसुद्धा होतो.

बरंच झालं तरी कोणी आत आलं नाही तेव्हा उठलो. गाडी फाटकासमोर उभी होती, इंजिन सुरू. बाबांचं डोकं खिडकीच्या काचेला टेकलेलं होतं आणि उजवा हात अजून स्टिअरिंगवरच होता.

डॉक्टर म्हणाले, झटका मोठा होता, लवकर आणलं असतं तर काय झालं असतं ते सांगता येत नाही. 'सांगता येत नाही' हे तीन शब्द मी तेव्हापासून जवळ बाळगून आहे. आई बसस्टँडवरून तशीच दवाखान्यात आली. तिनं पहिलं विचारलं ते हेच, "हॉर्न वाजवला होता का रे त्यांनी?" मी म्हटलं, "काय माहीत. मी दुकानातून आलो तं गाडी फाटकासमोर उभी होती." मला विचार करावा लागला नाही. तोंडातून आपोआप आलं.

दहाव्याला घाटावर पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. झाडावर ढीगभर कावळे, पण एक खाली येईल तर शपथ. अशा वेळी नातेवाईक पुढं होऊन मेलेल्या माणसाला शब्द देतात, तुमची जी इच्छा राहिली असेल ती आम्ही पुरी करू म्हणून. काका बोलले, मावशी बोलली. मला पुढं केलं. मी हात जोडून म्हटलं, "आईले सांभाळीन. घर नाही विकणार. गाडीही नाही विकणार." कावळे बसून राहिले. ऊन चढलं, गुरुजी घड्याळ पाहायला लागले. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि सगळे उठले. आई उठली नाही. ती पिंडाकडे पाहत नव्हती, माझ्या तोंडाकडे पाहत होती. मला वाटलं दुःखानं तिचं भान गेलं असेल.

गाडी फाटकाच्या आत, टिनाखाली उभी केली. आईचं म्हणणं, बॅटरी काढायची नाही, रविवारी दहा मिनिटं सुरू करायची. मी ऐकलं. चैत्र लागला आणि एक दिवस दुकानातून घरी आलो तर आई ओट्याशी उभी राहूनच म्हणाली, "आज साडेपाचले त्यांनी हॉर्न वाजवला."

"कोणी?"

"कोणी म्हणजे? गाडीनं. आतल्या आत. मी जाऊन फाटक उघडून आली."

मी हसण्यावारी नेलं. उन्हानं रिले चिकटला असेल म्हटलं. पण मग दोन-चार दिवसांआड व्हायला लागलं. शेजारच्या काकू मला रस्त्यात धरून कुजबुजल्या, "बाबू, तुझी माय भर उन्हात फाटक उघडते, कोणी नसते, अन् मंग सावकाश लावून घेते. पाहवत नाही रे. त्या गाडीचं काही कर." काय करणार होतो? एक फ्यूज उपटला असता तर संपलं असतं. दोन बोटांचं काम. लोकाले सांगे ब्रह्मज्ञान! मी त्या गाडीच्या बोनेटला हात लावत नव्हतो. रविवारी सुरू करायचो तेव्हासुद्धा दार उघडं ठेवून, एक पाय बाहेर ठेवून.

मग एका मंगळवारी मी स्वतः ऐकलं. दुपारी कूलरच्या आवाजात झोप लागली होती. हॉर्नने जाग आली. दोन आखूड एक लांब असा वाजला असता तर एक वेळ चाललं असतं. तो तुटक तुटक वाजला, मग लांबलचक, मग बंद. त्या दिवशीचा तिसरा. मी कॉटवर उठून बसलो. बाहेर फाटक खरडत उघडल्याचा आवाज आला. आईच्या चपला. फाटक लागल्याचा आवाज. मी तसाच बसून. मला रडू येत होतं आणि भीतीही वाटत होती, दोन्ही एकदम.

पुढच्या मंगळवारी मन घट्ट केलं. सकाळी बोनेट उघडलं. गळती शोधायची माझी एक रीत आहे, आधी जे असू शकत नाही ते काढून टाकायचं. रेडिएटरचं पाणी? डबा काठोकाठ, खुणेवरून केसभर खाली नाही. ब्रेकचं तेल? तेही भरलेलं, आणि ते गळालं असतं तर रंग उडाला असता. एसी दोन महिन्यांत लागला नाही, म्हणजे त्याचं पाणी नाही. काच धुवायच्या टाकीत थेंब नव्हता. पाऊस? आभाळ तापलेल्या तव्यासारखं, ढगाचा पत्ता नाही. म्हणजे ओल असायला जागाच नव्हती. तरी बाबांच्या त्या जोडाजवळ पत्रा चिकट लागत होता आणि लाल मुंग्यांची एक ओळ जाळीतून उतरून रिलेपर्यंत गेली होती.

मग बाबांची रीत केली. पुसलं, सुकवलं, खडू कुटून पत्र्यावर पूड मारली, बोनेट लावलं. आणि गप बसलो, आयुष्यात पहिल्यांदा. म्हणजे जागा राहणार होतो, पण वैशाखाची दुपार आणि कूलर, डोळा लागलाच. साडेपाचला हॉर्नने उठवलं. आई फाटक लावून आत गेल्यावर मी गेलो, बोनेट उघडलं. पांढऱ्या पुडीत वरून खाली एक तपकिरी ओघळ आला होता. जाळीपासून निघून सरळ बाबांच्या जोडात गेला होता. कापडी पट्टी ओली, पुढं कोरडी वायर, आणि वायरीच्या दुसऱ्या टोकाला रिलेच्या पायांत पुन्हा ओल. वाकलो आणि वास आला.

सुंठ.

दिवसभर बंद असलेल्या बोनेटमधून बाबांच्या चहाचा वास. मी बोनेट असं आपटलं की हाताचं बोट थोडक्यात वाचलं. दुसऱ्या कोणाची गाडी असती तर मी हसून म्हटलं असतं, ताई, कोणीतरी चहा सांडलाय. पण चोराच्या मनात चांदणं. मला वाटलं ते आले आहेत. साडेपाचला येऊन फाटकाशी उभे आहेत, आणि आई उघडते ते त्यांना चालत नाही. त्यांना मीच उघडायला पाहिजे. आठवडाभर दुकानात लक्ष लागलं नाही. एका गिऱ्हाइकाच्या गाडीत उलट्या वायरी जोडल्या मी, कधी नव्हे ते.

तिसऱ्या मंगळवारी कूलर बंद ठेवला. घाम गळत होता, पण झोपलो नाही. पाच वाजता स्वयंपाकघरात खलबत्त्याचा आवाज आला, मग चहा उकळल्याचा. मी खिडकीच्या पडद्याआडून पाहिलं. आई बाबांचा कप घेऊन बाहेर आली. कप बोनेटवर ठेवला, पदर डोक्यावरून घेतला, झाडाकडे पाहिलं. कावळ्याची वाट पाहत होती. कावळा आला नाही. मग तिनं कप उचलला आणि काचेखालच्या जाळीत हळूहळू, धार धरून ओतला. देवाला पाणी घालतात तसा.

मी धावत बाहेर गेलो.

"आई! हे काय वं करून राहिली?"

ती दचकली नाही. कप उपडा करून शेवटचा थेंब पाडला. "चहा देऊन राहिली त्यांना. कावळा तं नाही शिवला. तशीच राहिली आहे न त्यांची काही इच्छा? मातीत टाकला तं लोकायच्या पायाखाली येते. या जाळीतून आत जाते. ते आतच होते ना शेवटी."

मला आधी हसू आलं, खोटं कशाला बोलू. सुटल्याचं हसू. आठवडाभराची भीती एकदम उतरली. मी तिला तिथंच उभं राहून समजावलं, अगदी दुकानात समजावतो तसं. हॉर्नचं बटण काय करतं, एक वायर गाडीच्या पत्र्याला टेकवतं, बस. तुझा चहा जाळीतून उतरतो, बाबांच्या जोडात जातो, कापड भिजतं, ओल वायरीतून रिलेत शिरते, तिथं पत्र्याला टेकते. गाडीला वाटतं कोणी बटण दाबलं. पाचला ओततेस, उतरायला अर्धा घंटा लागतो, म्हणून साडेपाच. ज्या दिवशी कमी ओततेस त्या दिवशी वाजत नाही.

आई ऐकत होती. कप दोन्ही हातांत धरून.

"म्हणजे ते नव्हते," ती म्हणाली.

"नाही आई. चहा होता."

"हाव. चहा होता." तिनं मान हलवली. तिचा चेहरा इतका रिकामा झाला की माझं हसू जागच्या जागी मेलं. चैत्रापासून साडेपाचला तिचा माणूस घरी येत होता. मी दोन मिनिटांत त्याला काढून टाकलं, माझ्या वायरींच्या ज्ञानानं. "मंग कावळा काहून नाही शिवला रे?" तिनं विचारलं.

मी काहीही सांगू शकलो असतो. कावळ्यांची पोटं भरली होती, तिथं रोजचेच दहा पिंड असतात. पण बोनेटवर हात ठेवून मी उभा होतो, पत्रा तापलेला होता, आणि मला आता ते पोटात ठेवणं झेपत नव्हतं.

"आई, त्या दिवशी हॉर्न वाजला होता. तीनदा वाजला. मी दुकानात नव्हतो. घरातच होतो, कॉटवर. सकाळी भांडण झालं होतं म्हणून मी उठलो नाही. मुद्दाम नाही उठलो."

बोलून झालं. मला वाटलं ती मारेल, किंवा खाली बसेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"मंगळवार होता," आई म्हणाली.

"काय?"

"मंगळवार होता रे त्या दिवशी. मंगळवारी तुझं दुकान बंद रायते. दवाखान्यात तू बोलला तेव्हाच मले समजलं." तिचा आवाज चढला नाही. "मले वाटलं सांगशील. आज सांगशील, उद्या सांगशील. दहाव्याले मी तुझ्याच तोंडाकडे पाहून राहिली होती. म्हटलं, आता बोलते पोरगा, अन् कावळा शिवते. तू घर नाही विकणार म्हणाला. घर कोणी विकायले सांगितलं होतं तुले?"

इतके दिवस ती माझ्या ताटात गरम पोळी वाढत होती, माझा डबा भरत होती, आणि तिला माहीत होतं. मी भुताला भीत होतो, आणि सगळं जाणणारं माणूस माझ्यासमोर बसून जेवत होतं. माफी मागायला तोंड उघडलं आणि रडलो, मोठमोठ्यानं, फाटकाच्या आत उभा राहून, शेजारच्या काकू गच्चीवरून पाहत असताना.

आईनं थांबवलं नाही, जवळही घेतलं नाही. कप पायरीवर ठेवला आणि शेजारी बसली. जाळीत चहाचा चोथा अडकला होता, त्यावर पहिली मुंगी आली होती. मला आत कुठं काय चाललंय ते दिसत होतं. आता कापड भिजलं असेल. आता ओल तारांमध्ये शिरली असेल. घड्याळ पाहायची गरज नव्हती.

हॉर्न वाजला.

दोघांनाही माहीत होतं, चहा आहे. मी स्वतः अर्ध्या घंट्यापूर्वी समजावलं होतं. तरी माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. तुटक, तुटक, मग लांब. मी आईकडे पाहिलं. एरवी ती या आवाजासरशी उठायची. आज उठली नाही. पदरानं तोंड पुसलं आणि फाटकाकडे हात केला.

"जाय."

मी गेलो. कडी काढली, पल्ला उचलला, ओढला. हात घामानं निसटत होते. समोर रिकामा रस्ता, ऊन, एक कुत्रं. मागं हॉर्न वाजतच होता. मी एक पल्ला उघडला आणि तिथंच थांबलो, पल्ला धरून. पुढं काय करायचं ते सुचेना.

पायरीवरून आई म्हणाली, "पूर्ण उघड ना गा. तेवढ्यात गाडी येत नाही."